मलावीतलं सत्तांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मलावी हे नाव महाराष्ट्रात दोनदा कानावर पडतं: नोव्हेंबरात वाशीच्या फळबाजारात ‘मलावी हापूस’ उतरतो तेव्हा, आणि तूर आयातीची बातमी येते तेव्हा. त्या देशात २०१९ ते २०२५ या सहा वर्षांत न्यायालयानं एक अध्यक्षीय निवडणूक रद्द केली, सत्तेतल्या अध्यक्षाला मतदारांनी दोनदा घरी बसवलं, आणि पहिल्या खेपेला घरी गेलेले पीटर मुथारिकाच दुसऱ्या खेपेला परत आले. त्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथं घेतले आहेत. घटनाक्रम ऑक्टोबर २०२५ च्या शपथविधीपर्यंतचा आहे.

स्वातंत्र्य १९६४ चं, मग लोकशाही ‘तरुण’ कशी?

६ जुलै १९६४ ला ब्रिटिश गेले आणि न्यासालँडचं मलावी झालं. पण पुढची तीस वर्षं देश हेस्टिंग्ज कमुझू बांडा या एका माणसाच्या आणि मलावी काँग्रेस पार्टी (एमसीपी) या एका पक्षाच्या मुठीत होता. १९७१ मध्ये बांडा तहहयात अध्यक्ष झाले. मार्च १९९२ मध्ये कॅथलिक बिशपांनी चर्चमधून वाचायला एक पत्र काढलं. त्यात सरकारवर उघड टीका होती, आणि तिथून भिंतीला तडा गेला. १४ जून १९९३ च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश लोकांनी बहुपक्षीय पद्धतीला कौल दिला. १७ मे १९९४ ला पहिली खुली निवडणूक झाली. बांडा हरले, बाकिली मुलुझी जिंकले. वय मोजायचं ते तिथून.

अध्यक्ष निवडतात कसा?

थेट मतदानानं, पाच वर्षांसाठी. एकाच दिवशी मतदाराच्या हातात तीन मतपत्रिका पडतात: अध्यक्षाची, खासदाराची आणि स्थानिक नगरसेवकाची. उपाध्यक्षाचं नाव अध्यक्षाच्या उमेदवारीलाच जोडलेलं असतं, त्याच्यासाठी वेगळं मत नाही. वैध मतांच्या निम्म्याहून किमान एक मत जास्त लागतं. तेवढं कुणालाच मिळालं नाही तर पहिल्या दोघांत ६० दिवसांच्या आत दुसरी फेरी. अध्यक्षपदाचा निकाल आठ दिवसांत लावावा लागतो. २०२५ मध्ये मतदान १६ सप्टेंबरला आणि निकाल २४ सप्टेंबरला, म्हणजे आयोगानं मुदतीचा शेवटचा दिवसही सोडला नाही.

निम्म्याहून जास्त मतांचा नियम आधीपासून होता का?

शब्द होते, अर्थ नव्हता. राज्यघटनेचं कलम ८०(२) म्हणतं की अध्यक्ष मतदारांच्या ‘बहुमतानं’ निवडला जाईल. १९९९ च्या निवडणुकीनंतर झालेल्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ ‘ज्याला सर्वांत जास्त मतं तो’ असा लावला. त्यामुळे २०१४ मध्ये पीटर मुथारिका ३६.४ टक्के मतांवर अध्यक्ष झाले, म्हणजे दर तीन मतदारांपैकी जवळपास दोघांना ते नको होते. आपल्याकडे आमदार-खासदार असेच निवडून येतात, म्हणून हे खटकत नाही. पण ज्याच्या हातात सगळी कार्यकारी सत्ता जाते त्या एकाच पदासाठी हा हिशेब फार तोकडा पडतो. २०२० च्या निकालात न्यायालयानं हा अर्थ बदलला.

मतमोजणी कशी होते, आणि घोळ नेमका कुठं होतो?

हा भाग नीट समजला तर बाकीचं सोपं जातं.

मतदान संपलं की मोजणी तिथंच, त्याच केंद्रावर होते. मतपेट्या दुसरीकडे हलवत नाहीत. एका केंद्रात मतदारांच्या संख्येनुसार दोन-तीन किंवा जास्त रांगा असतात, आणि प्रत्येक रांग म्हणजे आपल्या भाषेत एक बूथ. बूथची मोजणी झाली की अध्यक्षपदाचे आकडे ‘६० सी’ नावाच्या फॉर्मवर लिहितात. केंद्रातल्या सगळ्या बूथची बेरीज ‘६६ सी’ या फॉर्मवर येते. त्यावर केंद्राधिकारी सही करतो आणि हजर असलेले पक्षांचे प्रतिनिधीही करतात. एक प्रत केंद्राबाहेर लावतात, मूळ कागद पाकिटातून जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तिथून राष्ट्रीय बेरीज केंद्राकडे जातो.

आता यात माणसं कोणती? बहुतेक वेळा शाळामास्तर. पहाटेपासून उभी असलेली, रात्री उशिरापर्यंत कंदिलाच्या नाहीतर बॅटरीच्या उजेडात बेरीज करणारी. वैध मतं, बाद मतं, न वापरलेल्या मतपत्रिका, आलेल्या एकूण मतपत्रिका, हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. एक आकडा चुकला की सगळा फॉर्म अडतो. नियम साधा आहे: चुकलेल्या आकड्यावर रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, आणि सगळ्यांनी तिथं सही करायची. मग चुकीचा आकडाही दिसत राहतो आणि कुणी बदलला तेही कळतं.

व्हाइटनर लावला की दोन्ही पुसलं जातं. खालचा आकडा मास्तरच्या चुकीचा होता की कुणाच्या तरी पराभवाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

मग २०१९ ची निवडणूक व्हाइटनरमुळे रद्द झाली, हे खरं?

खरं, पण अर्धं. लोक तिला ‘टिप-एक्स निवडणूक’ म्हणतात (टिप-एक्स हा व्हाइटनरचा ब्रँड) कारण ते नाव तोंडात बसलं. निकालात अनियमिततांची मोठी यादी आहे: व्हाइटनरनं बदललेली निकालपत्रकं, मूळ फॉर्मऐवजी वापरलेल्या दुय्यम प्रती, हातानं केलेले बदल, सह्या नसलेली पत्रकं. शिवाय आलेल्या तक्रारींचा नीट निवाडा न करताच आयोगानं निकाल जाहीर केला, हा ठपका वेगळा.

मतदान २१ मे २०१९ चं. मुथारिका ३८.५७ टक्के, विरोधी एमसीपीचे लाझरस चक्वेरा ३५.४१, सॉलोस चिलिमा २०.२४. पहिल्या दोघांतला फरक सुमारे १ लाख ५९ हजार मतांचा. चिलिमा आणि चक्वेरा न्यायालयात गेले. पाच न्यायाधीशांच्या पीठानं ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत साक्षी ऐकल्या. लोक मिनीबसमध्ये, बाजारात, शेतावर रेडिओ लावून उलटतपासणी ऐकत होते. ३ फेब्रुवारी २०२० ला सुमारे ५०० पानांचा निकाल लागला: निवडणूक रद्द, १५० दिवसांत नवी घ्या.

कायद्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. आयोगाचा बचाव असा होता की या चुकांमुळे निकाल फिरला असता हे अर्जदारांनी आकड्यांत दाखवलेलं नाही. न्यायालयानं तेवढ्या आकडेमोडीवर अडून राहणं नाकारलं. प्रक्रियाच इतकी बिघडली असेल की आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही, तर त्या आकड्यांचा हिशेब मांडून काय उपयोग, असा त्याचा आशय. ८ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं अपील फेटाळलं.

न्यायाधीशांवर दबाव नव्हता?

होता. ते निकाल द्यायला आले ते लष्करी बंदोबस्तात, अंगात बुलेटप्रूफ जॅकेट घालून. न्यायाधीशांना लाच देऊ पाहणाऱ्या एका धनाढ्य बँकरवर खटला चालला आणि २०२१ मध्ये त्याला शिक्षा झाली. फेरनिवडणूक दहा-बारा दिवसांवर असताना सरकारनं सरन्यायाधीश अँड्र्यू न्यिरेंडा यांना शिल्लक रजेवर पाठवून निवृत्त करण्याचा घाट घातला. रजा शिल्लक आहे, ती घ्या आणि घरी बसा! वकील काळे कोट घालून रस्त्यावर उतरले आणि तो डाव फसला.

लष्कर काय करत होतं?

अशा प्रसंगी लष्कर काय करतं यावरच पुष्कळ ठरतं. २०१९-२० मध्ये महिनोन्‌महिने मोर्चे निघाले. पोलीस अश्रुधूर सोडत आणि सैनिक मोर्चेकरी व पोलीस यांच्या मधे उभे राहत. २०१२ मध्येही उपाध्यक्षांचा हक्क डावलण्याचा प्रयत्न झाला तेव्हा लष्करप्रमुख राज्यघटनेच्या बाजूनं राहिले. याचा अर्थ तिथलं लष्कर कायम असंच वागेल असा नाही. १९९४ पासूनचा अनुभव मात्र हा आहे.

निवडणूक रद्द झाल्यावर अध्यक्ष कोण राहिला?

मुथारिकाच. २०१९ ची निवडणूक झालीच नाही असं धरलं गेलं आणि आधीची घडी परत आली. त्यातून एक गंमत झाली. २०१४ मध्ये मुथारिकांचे उपाध्यक्ष चिलिमा होते. ते २०१८ मध्ये पक्ष सोडून विरोधात गेले होते आणि रद्द झालेल्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी होते. आता ते आपोआप पुन्हा मुथारिकांचे उपाध्यक्ष झाले. ज्यानं खटला जिंकला तो आणि जो हरला तो, दोघं जवळपास पाच महिने कागदोपत्री एकाच सरकारात. खासदारांच्या निवडणुकीला हात लागला नव्हता, त्यामुळे संसद तशीच राहिली.

२३ जून २०२० च्या फेरनिवडणुकीत चक्वेरा आणि चिलिमा नऊ पक्षांच्या ‘तोन्से’ आघाडीतून एकत्र लढले. तोन्से म्हणजे ‘आपण सगळे’. चक्वेरांना ५८.५७ टक्के मतं मिळाली. केनियात २०१७ मध्ये निवडणूक रद्द झाली होती, पण विरोधकांच्या बहिष्कारामुळे फेरमतदानात सत्ताधारीच जिंकले. न्यायालयानं रद्द केलेली निवडणूक पुन्हा होऊन विरोधक सत्तेत आल्याचं आफ्रिकेतलं हे पहिलं उदाहरण.

तिथं अध्यक्ष आणि उपाध्यक्ष सतत भांडतात का?

जवळपास प्रत्येक वेळी, आणि त्याला रचनाच कारणीभूत आहे. उपाध्यक्ष निवडणुकीआधी मतांसाठी घेतला जातो: दुसऱ्या प्रदेशातला, दुसऱ्या गटातला, कधी दुसऱ्या पक्षातला. निवडून आल्यावर मात्र अध्यक्षाला त्याला काढता येत नाही, कारण तोही मतदारांनी निवडलेला आहे. काढायचा तर संसदेत दोन तृतीयांश बहुमतानं महाभियोग. पण उपाध्यक्षाला स्वतःचं असं ठरलेलं कामही फारसं नाही, अध्यक्ष सोपवेल ते. म्हणजे काढता येत नाही आणि वापरायचाही नाही. एकत्र कुटुंबात वेगळी चूल मागितलेल्या भावासारखी त्याची गत होते.

यादीच बघा. पीटर यांचे थोरले भाऊ आणि आधीचे अध्यक्ष बिंगू वा मुथारिका, त्यांचे पहिले उपाध्यक्ष कासिम चिलुम्फा: २००६ मध्ये ‘तुम्ही वागण्यातून राजीनामा दिलाच आहे’ असं त्यांना कळवलं गेलं, मग देशद्रोहाचा आरोप. दुसऱ्या उपाध्यक्ष जॉइस बांडा: २०१० च्या डिसेंबरात पक्षातून हकालपट्टी. पीटर मुथारिकांचे चिलिमा: २०१८ मध्ये वेगळे. चक्वेरांचेही चिलिमाच: जून २०२२ मध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीत नाव आल्यावर सोपवलेली सगळी कामं काढून घेतली, नोव्हेंबरात अटक. तो खटला मे २०२४ मध्ये मागे घेतला गेला. महिन्याभरात, १० जून २०२४ ला, लिलाँग्वेहून म्झुझूला निघालेलं लष्कराचं विमान चिकांगावाच्या जंगलात कोसळलं आणि चिलिमांसह नऊ जण गेले. त्यांच्या जागी आलेले मायकेल उसी २०२५ मध्ये चक्वेरांच्याच विरोधात अध्यक्षपदाला उभे राहिले.

अध्यक्ष पदावर असताना वारला तर?

उपाध्यक्ष उरलेली मुदत पूर्ण करतो, लगेच निवडणूक होत नाही. वरच्या भांडणाचा खरा धोका इथं आहे. ५ एप्रिल २०१२ ला बिंगू वा मुथारिका हृदयविकारानं गेले, पण सरकारनं दोन दिवस अधिकृतपणे मृत्यू सांगितला नाही. पार्थिव उपचारासाठी म्हणून दक्षिण आफ्रिकेला नेलं. मध्यरात्री काही मंत्री पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले की जॉइस बांडांनी वेगळा पक्ष काढला आहे, तेव्हा त्यांना अध्यक्ष होता येणार नाही. या मंडळींना तिथं ‘मिडनाइट सिक्स’ म्हणतात. लष्करानं साथ दिली नाही, ७ एप्रिलला बांडांचा शपथविधी झाला.

बिंगूंचे धाकटे भाऊ आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री पीटर मुथारिका यांना या प्रकरणात मार्च २०१३ मध्ये अटक झाली, देशद्रोहाचा आरोप लागला. चौदा महिन्यांनी ते निवडणूक जिंकून अध्यक्ष झाले. मलावीत कुणाला संपला म्हणू नये.

दोनच टर्मची मर्यादा आहे ना? मग मुथारिका २०२५ मध्ये कसे उभे राहिले?

कलम ८३(३) प्रमाणे लागोपाठ जास्तीत जास्त दोन टर्म. मुलुझींनी २००२ मध्ये ही मर्यादा उठवायला घटनादुरुस्ती आणली, ती संसदेत तीन मतांनी पडली. मधे एक टर्म सोडून त्यांनी २००९ मध्ये पुन्हा अर्ज भरला, तर न्यायालयानं तोही अडवला. मुथारिकांचं गणित वेगळं. त्यांची २०१९ ची निवडणूकच रद्द झाली, त्यामुळे वैधपणे निवडून येणं एकदाच, २०१४ चं. वयाला वरची मर्यादा नाही. ५६ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन ते परत आले तेव्हा ८५ वर्षांचे होते.

पक्षांतरबंदी आहे का?

आहे, कलम ६५. पण भोकं मोठी आहेत. एका पक्षाच्या तिकिटावर निवडून येऊन संसदेतल्या दुसऱ्या पक्षात गेलात तर जागा जाते. संसदेत ज्याचा एकही सदस्य नाही अशा नव्याकोऱ्या पक्षाचं काय, यावर वाद होऊ शकतो. अपक्षाला तर बंधनच नाही. बिंगूंनी २००५ च्या फेब्रुवारीत ज्या पक्षानं त्यांना अध्यक्ष केलं तोच सोडला आणि डीपीपी हा नवा पक्ष काढला. खासदार तिकडे ओढले गेले, विरोधकांनी कलम ६५ चा धोशा लावला, न्यायालयाच्या मनाई हुकमांवर वर्षं गेली आणि ‘आधी ६५, मग बजेट’ म्हणून अर्थसंकल्प अडकून पडला.

याचा परिणाम आजवर दिसतो: पक्षाचं तिकीट नाही मिळालं की अपक्ष उभं राहायचं, जिंकून मग सरकारच्या बाजूला बसायचं. २०१९ च्या १९३ जणांच्या संसदेत ५५ अपक्ष होते, म्हणजे प्रमुख विरोधी पक्षाइतकेच. २०२५ पासून जागा २२९ झाल्या आहेत.

चक्वेरा पाच वर्षांत इतके का पडले?

भ्रष्टाचार, घराणेशाहीचे आरोप, पूर्ण न झालेलं दहा लाख नोकऱ्यांचं आश्वासन, हे सगळं आहेच. पण मुळात डॉलर संपले.

मलावीला समुद्र नाही. डिझेल, खत, औषधं बैरा, नकाला किंवा दार-ए-सलामच्या बंदरातून ट्रकनं येतात आणि डॉलरमध्ये घ्यावी लागतात. डॉलर मुख्यतः तंबाखूतून मिळतात. तंबाखूचे लिलाव मार्च-एप्रिलला सुरू होतात आणि पावसाळ्याआधी संपतात. म्हणजे वर्षाचे काही महिने गल्ला भरतो, बाकीचे महिने त्यावर काढायचे. त्यात संकटं एकामागून एक आली. जानेवारी २०२२ च्या वादळात कापिचिरा धरण फुटून सुमारे १३० मेगावॅटचा वीजप्रकल्प बंद पडला. मग कॉलरा, त्यात १,७०० हून जास्त मृत्यू. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ, हजाराहून जास्त मृत आणि बेपत्ता. २०२४ मध्ये अल निनोचा दुष्काळ.

सरकारनं चलनाचं अवमूल्यन केलं: मे २०२२ मध्ये २५ टक्के, नोव्हेंबर २०२३ मध्ये ४४ टक्के. दुसऱ्या वेळी एका डॉलरला ११८० क्वाचा होते ते एका दिवसात १७०० झाले. (क्वाचा म्हणजे ‘उजाडलं’. नावाला जागणं काही जमलेलं नाही.) अध्यक्षांनी स्वतःचे आणि मंत्र्यांचे परदेश दौरे बंद केले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं १७.५ कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. पण दीड वर्षात एकही आढावा पूर्ण झाला नाही आणि मे २०२५ मध्ये तो आपोआप गुंडाळला गेला.

पुढचं दुखणं असं होतं. सरकारी दर १७५० च्या आसपास गोठवलेला आणि काळ्या बाजारात त्याच्या दुपटीहून जास्त. सरकारी दरानं डॉलर मिळतच नाही, म्हणून व्यापारी बाजारातून घेतो आणि मालाची किंमत त्या दरानं लावतो. पंपावरचा भाव मात्र सरकारी दर धरून बांधलेला. तोट्यात तेल आणणार कोण? मग पंपावर रात्रभर रांगा आणि शेजारच्या गल्लीत कॅनमधून दामदुपटीनं विक्री. पगार क्वाचात, महागाई ३० टक्क्यांच्या आसपास. मतदारानं आणखी काय बघायचं होतं?

आणि खताचं प्रकरण?

मलावीत खताची गोणी हे निवडणुकीचं चलन आहे. मुख्य अन्न मक्याची घट्ट उकड, न्सिमा. घराघराकडे एकर-दोन एकर जमीन, त्यात मका, आणि तो खताशिवाय हाती लागत नाही. २००५-०६ मध्ये बिंगूंनी अनुदानाची योजना सुरू केली, पीक वाढलं, २००९ ला ते सुमारे दोन तृतीयांश मतांनी जिंकले. २०२० मध्ये चक्वेरांनी ती आणखी वाढवली: सुमारे ३७ लाख कुटुंबं, ५० किलोची गोणी ४,४९५ क्वाचांना. डॉलर आटले आणि युक्रेन युद्धानंतर खत महागलं तसं २०२२ मध्ये गोणी १५,००० वर गेली आणि लाभार्थी २५ लाखांवर आणले. त्याच वर्षी खताशी काडीचा संबंध नसलेल्या एका ब्रिटिश कंपनीला आगाऊ पैसे दिल्याचं उघड झालं, कृषिमंत्र्याला जावं लागलं. यादीतून नाव गळलेल्या घराला अर्थव्यवस्थेचा आलेख समजावून सांगावा लागत नाही.

एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. २०१९ पर्यंत बहुतेक निवडणुका मे महिन्यात होत, म्हणजे मका घरात आलेला असताना. २०२५ पासून त्या सप्टेंबरात आहेत. तेव्हा कणग्या खाली होत असतात, तंबाखूचा पैसा संपलेला असतो. सत्ताधाऱ्यासाठी याहून वाईट महिना सापडणं अवघड. आणि जिंकणाऱ्यासाठीही: मुथारिकांचा शपथविधी ४ ऑक्टोबरला झाला आणि पहिला पाऊस नोव्हेंबरात येतो. नव्या सरकारच्या हातात खत आणायला जेमतेम सहा आठवडे, तिजोरीत डॉलर नाहीत.

जेन अन्सा कोण?

२०१९ च्या निवडणूक आयोगाच्या अध्यक्षा. त्यांच्या राजीनाम्यासाठी वर्षभर मोर्चे निघाले, मे २०२० मध्ये त्यांनी पद सोडलं. २०२५ मध्ये मुथारिकांनी त्यांनाच उपाध्यक्षपदासाठी जोडीला घेतलं आणि आज त्या देशाच्या उपाध्यक्षा आहेत. आमच्या मते मतदारांनी व्हाइटनर माफ केला असा याचा अर्थ नाही, डिझेलची रांग जास्त ताजी होती एवढंच. या वेळच्या मोजणीवर कुणाला बोट ठेवायला फार जागा राहिली नाही, आणि निकाल जाहीर होण्याआधी चक्वेरांनी पराभव मान्य केला.

जातपातीसारखं तिथं काही चालतं का?

प्रदेश चालतो. उत्तर, मध्य आणि दक्षिण. १९९४ पासून मध्य भाग एमसीपीचा, दक्षिण आधी मुलुझींच्या यूडीएफ पक्षाचा आणि नंतर डीपीपीचा, उत्तर लहान. दक्षिण आणि मध्य लोकसंख्येनं जवळपास सारखे असल्यानं निम्म्याहून जास्त मतं एका प्रदेशाच्या जोरावर मिळत नाहीत. नव्या नियमानं नेत्यांना दुसऱ्याच्या अंगणात जायला भाग पाडलं, हा त्याचा फायदा. तोटा असा की अंगणाचा मालक आघाडीत येताना मंत्रिपदांची यादी खिशात घेऊनच येतो.

भारताशी आणि महाराष्ट्राशी संबंध काय?

हापूसचं माहीत आहेच: कोकणातून नेलेल्या कलमांवरचा आंबा तिथल्या उलट्या हंगामामुळे आपल्या हिवाळ्यात येतो. जास्त मोठा व्यवहार तुरीचा. दक्षिण मलावीत तूर पिकते, तिला नांदोलो म्हणतात, आणि तिचं मोठं गिऱ्हाईक भारत. २०१७ मध्ये आपल्याकडे तुरीचं अमाप पीक आलं. बारदाना संपला म्हणून खरेदी केंद्रं बंद पडत होती आणि लातूर-अकोल्याकडचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रांगेत होता. त्या ऑगस्टमध्ये भारतानं तूर आयातीवर २ लाख टनांची मर्यादा घातली आणि तिकडे नांदोलोचा भाव कोसळला. २०२१ मध्ये करार झाला: पाच वर्षं, दर वर्षी ५० हजार टन. त्याची मुदत २०२५-२६ पर्यंत. म्हणजे करार वाढवायचा की नाही हा प्रश्न नेमका नव्या सरकारच्या काळात येतो.

तिकडे माल पाठवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: समोरचा व्यापारी बुडवा नसतानाही पैसे महिनोन्‌महिने अडकतात, कारण त्याच्या बँकेकडे क्वाचा असतात, डॉलर नसतात. उधारीवर माल द्यायचा तर तंबाखूच्या हंगामात वसुली पडेल अशी मुदत धरावी.

मलावीची बातमी वाचताना काय बघावं?

निवडणुकीच्या काळात सोशल मीडियावरचे ‘आघाडी’चे आकडे सोडून द्या. कोणत्या प्रदेशाची पत्रकं आधी पोचली एवढंच त्यातून कळतं. टक्केवारी वैध मतांची आहे की एकूण मतांची, ते तपासा. एरवी तीन गोष्टींवर नजर ठेवा: सरकारी आणि बाजारातला डॉलर यांच्यातली दरी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खताची किती जहाजं बंदराला लागली, आणि अध्यक्ष-उपाध्यक्ष एका व्यासपीठावर शेवटचे कधी दिसले. पुढची निवडणूक सप्टेंबर २०३० मध्ये, पुन्हा कणग्या रिकाम्या होतानाच.